मुकी शिट्टी

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. अठरा वर्षं तिनं दातांच्या प्रयोगशाळेत परक्या तोंडांत बसणाऱ्या कवळ्या घडवल्या, त्यावरून हे नाव चिकटलं. पुढे कवळ्या सुटल्या, नाव काही सुटलं नाही. मालकानं दात कोरणारं यंत्र आणलं आणि मेणात काम करणाऱ्या चौघांना एकाच दिवशी निरोप दिला. बाकीच्या तिघांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या. हिनं मात्र आपल्या आकड्या, चिमटे, मेणाची भांडी आणि छोटी भट्टी मालकाकडून मागून घेतली, घरी आणली आणि नवऱ्याच्या सुतारकामाच्या शेडमधला खिडकीजवळचा कोपरा बळकावला.

"आता कुणाचे दात करणार आहेस?" नवऱ्यानं रंधा मारता मारता विचारलं.

"बघू. तुझे तर आहेतच पडायला आलेले."

पण आलं ते अंगठीचं काम. ओळखीच्या एका दंतवैद्याला जुन्या सिनेमांतल्या वस्तू जमवायचं वेड होतं. एका खलनायकाच्या बोटातली अंगठी त्याला हुबेहूब हवी होती. कवळीताईनं तो सिनेमा थांबवत थांबवत पाहिला, अंगठी मेणात कोरली, धातूत ओतली, आणि दंतवैद्य ती बोटात घालून आरशासमोरून हलेना. त्याच्यासारखे वेडे पुष्कळ होते. कुणाला किल्ली हवी, कुणाला बिल्ला. दोन वर्षं बरी गेली आणि मग एका पट्ट्याच्या बकलावरून वकिलाची नोटीस आली. सिनेमातली वस्तू आमच्या मालकीची, तुम्ही कोण विकणार? कवळीताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं उरलेली सगळी बकलं वितळवली आणि कानाला खडा लावला. परवाना हातात पडल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही.

तेव्हापासून ती सिनेमा कंपन्यांकडे रीतसर अर्ज करू लागली. वस्तूची मापं, नमुना, मंजुरी, करार, क्रमांक घातलेल्या प्रती आणि सोबत खरेपणाचं कार्ड. लोकांना यातलं सगळ्यात कंटाळवाणं वाटे ते तिला आवडे. कागदावर सही असली की तिला रात्री झोप लागे.

शिट्टीचं काम आलं ते असंच. एका कंपनीच्या जुन्या सिनेमाला पन्नास वर्षं होत होती. त्यात एक नावाडीण दाट धुक्यात काठावर उभी राहून शिट्टी फुंकते आणि त्या आवाजाच्या रोखानं नदीत भरकटलेल्या नावा एकेक करून काठाला लागतात. शेवटची नाव यायची असते आणि हिचा दम संपत आलेला असतो. गाल फुगलेले, मानेच्या शिरा तट्ट, डोळ्यांतून पाणी, तरी ती फुंकतच राहते. सिनेमा न पाहिलेल्या माणसानंही तो चेहरा कुठे ना कुठे भिंतीवर पाहिलेला असे.

कंपनीला पाचशे शिट्ट्या हव्या होत्या. हे खातं सांभाळणाऱ्या परवानेवाल्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "नमुना आम्ही तुमच्याकडूनही मागवलाय आणि एका कारखान्याकडूनही. पाच आठवडे आहेत. जो पसंत पडेल त्याला परवाना."

"मूळ शिट्टी बघायला मिळेल?"

"आमच्या संग्रहात आहे. पण कारखान्यानं फोटोवरच काम सुरू केलंय."

"करू देत," कवळीताई म्हणाली. "मला बघायचीय."

कंपनीचा संग्रह एका इमारतीच्या तळघरात होता. तिथला संग्रहपाल हातमोज्यांतले हातही जपून वापरणारा माणूस. त्यानं मऊ कापडावर शिट्टी ठेवली आणि घड्याळ दाखवलं. दोन तास. पितळी शिट्टी, वरचा मुलामा अर्धा उडालेला, कडेला दातांचे बारीक व्रण. कवळीताईनं मापं घेतली, पत्र्याची जाडी घेतली, दातांच्या व्रणांचा ठसा डोळ्यांनीच टिपला. ते तिचं जुनं काम. मग वजन केलं. काटा चौतीस ग्रॅमवर थांबला.

तिनं पुन्हा ठेवली. पुन्हा चौतीस. एवढ्या मापाची, एवढ्या पत्र्याची पोकळ शिट्टी बावीस ग्रॅमच्या वर जायचं कारण नव्हतं.

"ही कधी कुणी वाजवून पाहिलीय?"

संग्रहपालाच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू तिनं शिट्टी गिळू का असं विचारलं होतं. "छे! तोंडाला लावायची वस्तू आहे का ही?"

"शिट्टी आहे म्हणून विचारलं," ती म्हणाली. तिनं पिशवीतून दात तपासायची बारीक आकडी काढली. संग्रहपालानं छातीवर हात ठेवला. "ओरखडा जाणार नाही, काका. अठरा वर्षं मी माणसांच्या दातांवर हे करत आलेय." आकडी तोंडाच्या फटीतून दोन मिलिमीटर आत गेली आणि टक्क करून अडली. आत काळोख वाटत होता तो काळोख नव्हता. काळा रंग दिलेला धातू होता. कुणीतरी शिट्टी आतून भरून टाकली होती.

परवानेवाल्या बाईंना तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. बाई म्हणाल्या, "काहीतरी घाण अडकली असेल. पन्नास वर्षं झाली. तुम्ही वाजणारी करा ना. लोक घरी नेऊन पहिल्यांदा काय करणार? फुंकणारच."

"घाण अशी सफाईनं बसत नाही. आणि घाणीला कुणी रंग देत नाही."

"अहो ताई, कारखान्याचा नमुना आलाय. छान वाजतो."

कवळीताईनं फोन ठेवला तेव्हा तिच्या डोक्यात किडा शिरलेला होता, आणि नवऱ्याला तो तिच्या जेवणावरूनच ओळखू आला. ती घास हातात धरून भिंतीकडे बघत होती.

"वाजणारी करून दे आणि मोकळी हो," तो म्हणाला. "मी पेट्यांसाठी लाकूडसुद्धा कापून ठेवलंय. पाचशेच्या."

"कार्डावर 'हुबेहूब' लिहितात. त्याखाली माझी सही असते."

नवऱ्यानं तिच्या ताटात भात वाढला. तिची सही म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती संग्रहपालाच्या खनपटीला बसली. हा माणूस एव्हाना स्वतःच अस्वस्थ झाला होता. वीस वर्षं सांभाळलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसावं, याची त्याला लाज वाटत होती. त्यानं चित्रीकरणाची जुनी वही शोधून काढली. त्यात नदीकाठच्या चौथ्या दिवसापुढे एकच ओळ होती: डागवाल्यास बोलावणे. शिट्टी.

डागवाला म्हणजे पत्र्याला कथलाचा डाग देऊन सांधणारा. कंपनीच्या कर्मशाळेत त्या काळी असे तिघे होते. दोघे वारले होते. वहीच्या पुढच्या पानावर, नदीवर गेलेल्यांत, नाव होतं ते तिसऱ्याचं. हे आजोबा शहाऐंशी वर्षांचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहत होते.

"बाबा त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत," लेकीनं दारातच सांगितलं. "तुम्ही आलात, बसा, चहा घ्या. पण ते बोलणार नाहीत."

ते खरंच बोलले नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या खेपेला, "आठवत नाही," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्या खेपेला कवळीताई तीन बसगाड्या बदलून गेली ती स्वतः केलेली शिट्टी घेऊन. पोकळ, बावीस ग्रॅमची, मुलामा आणि दातांच्या व्रणांसकट. काही न विचारता तिनं ती आजोबांच्या तळहातावर ठेवली.

आजोबांनी बोटं मिटली. हात थोडा वरखाली केला.

"हलकी आहे," ते म्हणाले.

लेक स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"बारा ग्रॅमनं," कवळीताई म्हणाली.

मग आजोबा बोलायला लागले ते थांबेनात. नदीवर खोटं धुकं सोडलेलं होतं आणि त्यात खऱ्या नावाड्यांच्या वीस नावा होत्या. त्यांना सांगितलं होतं, शिट्टी ऐकली की वल्ही मारायची. नायिकेनं सरावाला म्हणून फुंकली तरी हे बिचारे निघत. दोन नावा एकमेकींवर आदळल्या, एकाचा हात मोडला. दिग्दर्शक खवळला. आवाज मागाहून भरता येतो, शिट्टी बंद करा, म्हणाला. आजोबांनी काठावरच स्टोव्ह पेटवला आणि दहा मिनिटांत कथील ओतून शिट्टी बुजवली, वरून काळा रंग दिला.

"एवढंच असतं तर काही नव्हतं," ते म्हणाले. "पण तो माझ्या कानात म्हणाला, बाईंना सांगू नकोस. मला चेहरा हवाय. मी पोटार्थी माणूस, मी गप्प बसलो. ती फुंकत राहिली. बंद शिट्टी! तीनदा घेतलं ते दृश्य. तिसऱ्यांदा ती चिखलात कोसळली. आणि लोक पन्नास वर्षं म्हणतात, काय अभिनय! अभिनय कसला, पोरी? मी तिचा श्वास कोंडला होता."

"त्यांना कधी भेटलात नंतर?"

"कुठल्या तोंडानं? आणि आता ती राहिली नाही."

कवळीताईनं आपली शिट्टी परत घेतली. ती घरी आली, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे शिट्टी बुजवली. जुन्या कथलात शिसं असे. तोंडाला लावायच्या वस्तूत ते नको, म्हणून तिनं शिसं नसलेलं कथील घेतलं आणि हा एवढा फरक कार्डावर लिहायचा असं वहीत टिपून ठेवलं. कथील निवल्यावर तिनं आत काळा रंग दिला, वाळू दिला, आणि शिट्टी ओठांत धरून जोरात फुंकली.

गाल फुगले. कानात दडे बसले. हवा जिथल्या तिथे.

तिनं शिट्टी तोंडातून काढली, पुसली. मग नवऱ्याला हाक मारली. "अरे, ही फुंक. काही विचारू नकोस."

त्यानं फुंकली आणि लगेच काढली. "बंद आहे ही."

"कधी कळलं तुला?"

"कधी म्हणजे? तोंडाला लावली आणि कळलं. हवा जातच नाही."

"पुन्हा फुंकशील?"

"कशाला? वेड लागलंय?"

कवळीताईनं चपला घातल्या. नवरा मागून ओरडला, "अगं, साडेपाच वाजलेत!" पण ती तोवर रस्त्याला लागलेली होती.

आजोबा जेवायला बसायच्या बेतात होते. तिनं बुजवलेली शिट्टी त्यांच्या हातात दिली. "काका, ही एकदा फुंका."

"मी? आता?"

"तुम्ही ती बुजवलीत. पण बुजवल्यावर कधी फुंकलीत का?"

आजोबांनी लेकीकडे पाहिलं, मग शिट्टी तोंडाला लावली. अशक्त छातीतली जेमतेम फुंक. ती अडली तसे त्यांचे डोळे मोठे झाले.

"कळलं ना?" कवळीताई म्हणाली. "पहिल्याच फुंकीला कळलं. मग त्या बाईंना कळलं नसेल? इतके दिवस तीच शिट्टी त्यांच्या तोंडात होती. बंद आहे हे त्यांना पहिल्या वेळीच समजलं, काका. तरी त्यांनी ती काढली नाही, दिग्दर्शकाकडे फेकली नाही. तीनदा फुंकली. समोर शेवटची नाव होती, म्हणून फुंकली. तुम्ही श्वास कोंडलात हे खरं. पण तो चेहरा तुम्ही केला नाहीत. तो त्यांनी केला."

आजोबांनी शिट्टी तळहातावर फिरवून पाहिली. लेकीनं पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"फेकायला पाहिजे होती तिनं," ते अखेर पुटपुटले. "माझ्याच डोक्यात." आणि ते हसले. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि लेकीला म्हणाले, "हिला वाढ. तीन बसगाड्या बदलून येते ही."

मंजुरीच्या दिवशी कंपनीच्या बैठकीत चौघे होते: परवानेवाल्या बाई, कायदा बघणारा एक चष्मेवाला, विक्रीवाला, आणि टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांचे मोठे साहेब. कारखान्याचा नमुना आधीच फिरून आलेला होता. तो चकचकीत होता आणि फारच सुरेल वाजत होता.

कवळीताईनं आपली शिट्टी मोठ्या साहेबांपुढे सरकवली. "फुंका."

साहेबांनी फुंकली. आवाज नाही. विक्रीवाल्यानं डोळे फिरवले.

"आता पुन्हा. पण असं समजा, धुक्यात माणसं आहेत आणि ही थांबली तर ती बुडणार."

साहेब जरा ओशाळले, पण त्यांनी फुंकली. मन लावून फुंकली. गाल फुगले, मानेची शीर वर आली, चेहरा लालबुंद झाला. परवानेवाल्या बाईंच्या हातातलं पेन थांबलं. तो चेहरा त्या सगळ्यांच्या मागच्या भिंतीवर, चौकटीत, टांगलेला होता.

मग कवळीताईनं सगळं सांगितलं. नावा, मोडलेला हात, स्टोव्ह, तीन वेळा घेतलेलं दृश्य. पुढे तिनं कार्डाचा मजकूर ठेवला. त्यात डागवाल्या आजोबांचं नाव होतं.

"हे नाही छापता येणार," चष्मेवाला म्हणाला. "नायिकेला सांगितलं नव्हतं, हे तर अजिबात नाही. आणि या गृहस्थांचं नाव श्रेयनामावलीत नाही."

"वहीत आहे," कवळीताई म्हणाली. तिनं संग्रहपालानं सहीनिशी दिलेली पानाची प्रत पुढे केली. "त्या दिवशी कर्मशाळेतून नदीवर कोण गेलं, तेही पुढच्या पानावर आहे."

"ताई, लोक परत करतील," विक्रीवाला म्हणाला. "न वाजणारी शिट्टी! पाचशे कशा खपणार?"

"नाही खपणार कदाचित. पण हुबेहूब असं लिहून मी वाजणारी देणार नाही. वाजणारी हवी तर कारखान्याकडून घ्या. फक्त तिच्यावर हुबेहूब लिहू नका."

परवानेवाल्या बाईंनी तिच्याकडे रागानं पाहिलं, असं तिला वाटलं. पण बोलल्या त्याच. "साहेब, कारखान्याची आपण आठवण म्हणून विकू. संग्राहकांसाठी ही. दोनशे प्रती. नाव छापू. नायिकेला सांगितलं होतं की नव्हतं, यावर कार्डात काही नको. शिट्टी बंद होती आणि दृश्य तीनदा घेतलं, एवढं पुरे."

कवळीताई विचारात पडली. पाचशेच्या दोनशे झाल्या होत्या, आणि अर्धी गोष्ट गाळली जात होती. पण आजोबांचं नाव राहत होतं, आणि जे छापलं जाणार होतं त्यात खोटं काही नव्हतं. बंद शिट्टी तीनदा फुंकली, हे ज्याला समजायचं त्याला समजलं असतं.

"दृश्य तीनदा घेतलं असं नको," ती म्हणाली. "'नायिकेनं ती तीनदा फुंकली' असं लिहा."

मोठ्या साहेबांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यानं खांदे उडवले. सही झाली.

पुढचे दोन महिने शेडमधली भट्टी थंड पडली नाही. नवऱ्यानं जादा लाकडाच्या तीनशे पेट्यांचं काय करायचं यावरून रोज एक नवा टोमणा मारला आणि रोज चार पेट्या घासून दिल्या. आठवड्यातून एकदा लेक आजोबांना घेऊन येई. खुर्चीत बसून ते कवळीताईच्या चुका काढत. कथील फार तापवतेस, घाई करतेस, फडकं ओलं नाही. अकरा शिट्ट्या त्यांनी नापास केल्या. तिनं वाद घातला तो दोनच शिट्ट्यांसाठी, आणि दोन्ही वेळा हरली.

दोनशे शिट्ट्या चार महिन्यांत संपल्या. कारखान्याच्या पाच हजार एका आठवड्यात संपल्या, ते वेगळं. न वाजल्याची तक्रार करून तिघांनी शिट्टी परत पाठवली. कवळीताईनं तिघांना हातानं पत्रं लिहिली: पुन्हा एकदा फुंका, आरशासमोर. दोघांनी शिट्टी परत मागवून घेतली. तिसऱ्याचं उत्तरच आलं नाही. त्याची शिट्टी महिनाभरानं दुसऱ्या कुणीतरी घेतली.

मग एका सकाळी परवानेवाल्या बाईंचा फोन आला. आवाजात या वेळी सावधपणा होता. दुसऱ्या एका जुन्या सिनेमातलं कुलूप होतं, तुरुंगाच्या दाराचं, भलंथोरलं. संग्राहक मागे लागले होते.

"किल्लीसकट आहे?" कवळीताईनं विचारलं.

"आहे."

"त्या किल्लीनं ते उघडतं का?"

"म्हणजे... उघडत असेलच की."

"कुणी उघडून पाहिलंय?"

बाईंनी एक लांब उसासा सोडला. "सोमवारी येताय का?"

"उद्याच येते," कवळीताई म्हणाली, आणि आकड्यांची पिशवी शोधायला लागली.